फाटकावर राहिलेल्या चपला

पवनीजवळ वैनगंगेच्या पुराने दलदल झालेल्या जंगलात फिरायचं, तर फाटकावरच्या चौकीदाराकडे जोडे ठेवावे लागतात. वाळका माणूस, हातात वेळूची काठी, बोलताना नजर समोरच्याच्या पायांवर. माझे बूट कोरे होते. चोरीला जातील म्हणून मी अक्कल चालवली. "गाडीतच ठेवले," असं ठोकून दिलं आणि आधीच पिशवीत लपवलेले बूट आत जाऊन घातले.

फोटोसाठी वाट सोडली नि मांडीपर्यंत रुतलो. हललो की आणखी खचायचो. ऊन उतरलं, ओरडून घसा बसला. तेवढ्यात चिखल चाचपत त्याची काठी आली.

"हलू नका भाऊ. जोडे मी कायले ठेवून घेतो? सांजेले ज्याचे उरले, त्याले धुंडाले जातो. तुमचे तं नव्हतेच! बुटाचे ठसे आत गेलेले दिसले म्हून आलो."

त्याने मला ओढून काढलं. बूट खालीच राहिले.

फाटकावर खिळ्याला जुन्या चपला टांगलेल्या होत्या. "ह्या घालून जाऊ का?" मी हसत विचारलं.

त्याने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नोका घालू. त्याले अजून धुंडून राहिलो."

पुढे डांबरी रस्त्यावरही मी पाय चाचपूनच टाकला.