लठ्ठ्याचा शर्ट

प्रार्थनेच्या ओळीत मागून हात आला आणि माझा शर्ट स्कर्टातून ओढून काढला. खालच्या काठावर निळा शिक्का होता. मिलचा. "देखो रे, कफन पहनके आई है!" पोरं ओरडली. मी वळले. हात नंदाचा होता.

नंदा माझी मैत्रीण. चौथीत एकाच टाटपट्टीवर बसायचो. तिचे वडील मिलच्या ऑफिसात साहेब, माझे बाबा साच्यावर कापड विणायला. मिल बंद पडली. साहेबांना दुसरीकडे खुर्ची मिळाली, बाबा घरी बसले. मिलमधून मिळालेला लठ्ठ्याचा, मयताला गुंडाळतात त्या पांढऱ्या कापडाचा, शेवटचा तुकडा आईच्या पेटीत होता, त्याचाच तिनं माझा शाळेचा शर्ट शिवला. कापड मोजकंच, शिक्का कापून टाकता येईना. "खोचून ठेव, कुणाला दिसत नाही," आई म्हणाली.

हे मी फक्त नंदाला सांगितलं होतं. आमच्याच ओट्यावर, आईच्या हातचे पोहे खाताना. तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

मी तिला ढकललं. ती पडली, तिनं भोकाड पसरलं. बाई आल्या. आमच्या मराठी बाई, संक्रांतीला आईकडून वाण घेऊन गेलेल्या. मला वाटलं, आता ह्या तरी बोलतील. पोरांचं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. शिक्का पाहिला आणि म्हणाल्या, "आधी शर्ट खोच. मग नंदाची माफी माग."

नंदानं घात केला तो एक वेळ सोसला असता. बाईंनी केला तो सोसवेना.

"नाही खोचणार," मी म्हणाले. "माफीपण नाही मागणार. शर्ट तिनं ओढला."

दिवसभर वर्गाबाहेर उभी राहिले. शर्ट बाहेर. जो तो वाकून शिक्का वाचत होता. वाचा म्हटलं. रडू येत होतं, पण खोचला नाही. मयताचं कापड विणलं म्हणून माझा बाप मयत झाला नव्हता.

परवा एका लग्नात नंदा भेटली. गळ्यात पडली. "अगं, बच्चे थे यार, भूल जा ना!"

लहान होतो, कबूल. पण शिक्का कुठे आहे ते तिला एकटीलाच माहीत होतं.

मी तिचे हात खांद्यावरून काढले. म्हटलं, "नंदा, आधी तू माफी माग."

ती हसली. मी हसले नाही. ती मागेपर्यंत तिच्या घरचं पाणी मी पिणार नाही.