कॅनचं चिलखत

चिमी पन्नाशीला टेकली होती, तरी बाबा तिला चिमीच म्हणत. तिचं खरं नाव ते विसरले होते, हे टोपणनाव तेवढं तग धरून होतं. ती धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन जवळच राहायचा, आणि बाबा राहायचे चिमीकडे.

बाबा एकेकाळी गोदामाचे पहारेकरी होते. एका संध्याकाळी चोरांनी त्यांच्या पोटात सुरा खुपसला. त्यातून ते वाचले आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी तोच पहारा दिला. म्हातारपणी मात्र डोक्यातलं एकेक पुसत गेलं आणि नेमकी तीच संध्याकाळ मागे राहिली. दिवेलागण झाली की ते कडी लावत, दाराला खुर्ची टेकवत आणि पोटावर दोन्ही हात दाबून भिंतीला चिकटून बसत.

"आले गं चिमे, आले!"

"कुणी नाही आलं बाबा. शेजारचे कामावरून परतलेत."

समजावून ती दमली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बाबा दिवसभर पेंगायचे आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी तिने हात टेकले.

त्याच सुमारास पुतणीला शाळेच्या नाटकात सेनापतीचं काम मिळालं. भाड्याचं चिलखत तिच्या अंगावर गोणपाटासारखं लोंबत होतं. "आत्या, तूच कर ना काहीतरी," म्हणून ती मागे लागली. कारखान्यात पातळ साबणाचे निळे प्लास्टिकचे कॅन रिकामे होऊन पडलेले असायचे. चिमीने त्यातले दोन घरी आणले, उभे कापले, उकळत्या पाण्यात धरून मऊ केले आणि उशीवर दाबून छातीचा बाक दिला. कडा पॉलिशपेपरने घासल्या. दाभण तापवून भोकं पाडली, त्यात जुन्या दप्तराचे पट्टे ओवले. वरून चंदेरी रंग मारल्यावर तिचं तिलाच हसू आलं. साबणाच्या कॅनचं नशीब उघडलं होतं!

रंग वाळत होता तेवढ्यात बाबा जवळ आले. त्यांनी बोटाच्या पेराने चिलखतावर टकटक केलं.

"कुणाचं हे?"

"नाटकातलं आहे बाबा. खोटं."

"ह्यातून सुरा आत जाईल का?"

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

"नाही जायचा," ती म्हणाली.

मग तिने बाबांच्या मापाचं दुसरं केलं. पुढून, मागून, खांद्यांवर. आत जुन्या गादीचा स्पंज. ते घातल्या दिवशी बाबा दिवे लागल्यावरही ताठ बसून राहिले. चिमी म्हणाली, "सेनापती, जेवायला चला." बाबा म्हणाले, "आधी फौजेला वाढ." कितीतरी दिवसांनी दोघं हसली. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला.

पण बाबा ते अंगातून काढेनात. आंघोळीला काढायला गेलं की किंचाळायचे, तिचे हात ओरबाडायचे. भाऊ एकदा आला आणि बघतच राहिला.

"ताई, बाबांचं सोंग करून ठेवलंस तू. लोक हसतात."

"हसू देत. झोपतात ना ते?"

उन्हाळा लागला. प्लास्टिकच्या आत घाम साचायचा. मागचा पट्टा सैल करताना तिला पाठीवर लाल चट्टा दिसला. तिने पावडर लावली, स्पंज बदलला. डॉक्टरांना दाखवायचं तर चिलखत उतरवावं लागणार, आणि उतरवलं की तो आक्रोश. आज राहू दे, उद्या बघू, असं करत दिवस गेले. चट्ट्याची जखम झाली, जखमेला वास येऊ लागला. एका सकाळी बाबा तापाने फणफणले, आणि तिने भावाला हाक मारली.

दवाखान्यात नर्सने कात्रीने पट्टे कापले. बाबांच्या अंगात ओरडण्यापुरतंच बळ उरलं होतं. "चिमे, आले! चिमे!" चिमीने त्यांचे हात धरून ठेवले, कारण नर्सने तसं सांगितलं होतं. मागचा भाग निघाला तेव्हा भावाने तोंड फिरवलं.

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. बाबा थोडेच दिवस राहिले. बहुतेक वेळ पोटावर हात दाबून, गुडघे जवळ घेऊन पडलेले असायचे. तसेच गेले.

"तू मारलंस त्यांना," भाऊ दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाला. तोच विचार चिमीही दिवसरात्र करत होती. भावाने येणंजाणं तोडलं. पुतणी रस्त्यात दिसली तर मान खाली घालून पुढे जायची. चिमी कामावर जायची, चादरींना इस्त्री करायची, घरी येऊन दिवा न लावता बसायची.

बऱ्याच महिन्यांनी भाऊ आला. उंबऱ्यातच उभा राहिला. तिने पाणी दिलं, ते त्याने तसंच हातात धरलं.

"ताई, एक सांग. घरी असताना, शेवटी शेवटी... घाबरायचे का ते?"

"घरी नाही," चिमी म्हणाली. "घरी नाही घाबरले."

त्याने मान हलवली. जरा वेळाने चपला काढून तो आत आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याला तिने माफ कर म्हटलं नाही, आणि त्यानेही तिला माफ केलं असं म्हटलं नाही. चिमीने उठून चहाचं आधण ठेवलं.