चिखलातला बाप

माझं काम चिखल चाळायचं. दक्षिण ध्रुवाकडच्या निर्मनुष्य बेटांभोवतीचा समुद्रतळाचा गाळ बुओना व्हिस्टाच्या आमच्या प्रयोगशाळेत येतो आणि मी तो चाळणीत धुऊन त्यातले किडे, शिंपले वेगळे करते. सासूबाई पुण्यात सांगतात, "सून सायंटिस्ट आहे." लेक शाळेत सिंगापुरी इंग्रजीत सांगते, "ओन्ली मड, लाह."

यंदा मला त्या बेटांकडे जहाजाने जायची संधी आली. चांगले दोन महिने! जीव नुसता टांगणीला लागला. नवरा म्हणाला, "माझी ना नाही, पण लेकीचं कोण बघणार?" जणू लेक मी माहेराहून आणली होती! आता सगळी भिस्त पुण्याहून आलेल्या सासूबाईंवर. त्यांनी मुक्काम वाढवला, तरच मी जाणार.

सरळ विचारायची हिंमत होईना. मग शक्कल लढवली. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जेवणं झाली की लॅपटॉपवर त्यांना समुद्रतळाचे व्हिडिओ दाखवायला लागले. बाई मालिका सोडून बघत बसायच्या. एकदा मुद्दाम समुद्री कोळ्याचा, म्हणजे लांब पायांच्या एका किड्याचा, व्हिडिओ लावला. पायांना अंड्यांचे गोळे बांधल्यासारखा तो गाळातून सावकाश चालला होता.

"बाई गं, केवढा तो भार! आईच असणार."

"आई नाही, बाप आहे तो. अंडी बापच सांभाळतो."

"इश्श! आणि मादी?"

"अंडी देते नि जाते निघून."

सोफ्यावर मोबाईल घेऊन लोळणाऱ्या आपल्या लेकाकडे त्यांनी एकवार पाहिलं. "बरं करते," म्हणाल्या.

झालं, मी मनात मांडे खायला लागले.

सकाळी चहा गाळता गाळता त्यांनी जाहीर केलं, "माझं तिकीट अलीकडचं करा. या आठवड्यातच निघते मी."

अतिशहाणपणा अंगाशी आला! डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आई, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकायचंय? बोटीचं मला ह्याने कधीच सांगितलंय. रोज उठून चिखल का दाखवतेस, ते कळत नाही होय मला? जा तू खुशाल."

नवरा दचकला. "अगं आई, मग घरी कोण?"

त्यांनी कुकर उचलून त्याच्यापुढे ठेवला. "मी थांबले तर तू सोफ्यावरून हलायचा नाहीस. तुझ्या बाबांना उठवणं मला जन्मात जमलं नाही. तुला उठवते."