भट्टी चालू आहे

युक्रेनमधल्या खारकीव शहराच्या साल्तिवका भागात झिनाइदा पावलिव्नाची बेकरी आहे. बाई साठीची, तोंडाने फटकळ, पण तिच्या राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावासाठी लोक लिफ्ट बंद असली तरी नऊ-नऊ मजले उतरून येतात. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये समोरच्या अंगणात क्षेपणास्त्र पडलं. काचा गेल्या, भट्टी उभी चिरली.

आता या शहराची खोडच अशी, की धूर विरायच्या आत लोक झाडू घेऊन बाहेर पडतात. झिनाइदानंही सगळं झाडून काढलं. शेजारच्या लावरिननं भट्टीला लोखंडी पट्टा वेल्ड केला, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. चौथ्या दिवशी पाव तयार! पण पट्टा हिवाळ्यापर्यंतच टिकेल, असं लावरिन म्हणाला. भट्टी गेली की बेकरी गेली, आणि कामावरच्या तिघी घरी बसल्या.

म्हणून तिनं नव्या भट्टीसाठी सरकारी मदतीचा अर्ज केला. तपासणीला एक बाई आल्या.

"ही तर चालतेय. नुकसान कुठे लिहू?"

"चीर दिसत नाही का?"

"चालती वस्तू मोडकी धरता येत नाही, झिनाइदा पावलिव्ना."

"बरं, मी बंदच ठेवली असती तर?"

"मग धंदाच बंद. बंद धंद्याला ही मदत नाही."

झिनाइदाच्या डोक्याचा पार भुगा झाला. चालवली तरी चूक, बंद ठेवली तरी चूक, मग माणसानं करायचं तरी काय? निघताना बाई हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नका. पुढच्या वेळी म्हणे! आणि जाताना दोन पाव घेतले, गरम बघून.

ती पुढची वेळ जूनमध्ये आली. फळ्या उडाल्या, पट्टा सुटला. झिनाइदानं मदतीच्या कार्यालयात फोन केला, तर तपासणीला तीन आठवडे लागतील म्हणाले. हातात झाडू धरून ती फळ्यांच्या तुकड्यांमध्ये उभी राहिली. झाडावं की नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना. तिघी बायका येऊन थबकल्या. लावरिन वेल्डिंगचं सामान घेऊन दारात उभा, तिच्या तोंडाकडे बघत. कोपऱ्यातल्या बादलीत पावाच्या पिठाचं आंबवण मात्र फुगून झाकण वर ढकलत होतं.

"बघतोस काय मेल्या," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "लाव पट्टा."

तीन आठवड्यांनी तपासणीच्या बाई आल्या, तेव्हा भट्टी चालू होती. त्यांनी कागद काढला, भट्टीकडे बघितलं, कागद परत पिशवीत ठेवला आणि पावाच्या रांगेत उभ्या राहिल्या.