गावंडे सरांच्या तीन खुर्च्या

जठारपेठेतल्या आमच्या वाचनालयातली जुनी माणसं कुठेही भेटली, लग्नात म्हणा की दवाखान्यात, पाच मिनिटांत विषय गावंडे सरांवर येतो. एकाने किस्सा सांगितला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो. आणि शेवटी सगळे हेच विचारतात, या माणसाचं नेमकं होतं तरी काय?

सर आमचे ग्रंथपाल. वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादकही तेच आणि पेपरात पुस्तकांची समीक्षा लिहिणारेही तेच. तिन्ही कामांना तीन खुर्च्या. काउंटरची ग्रंथपालाची, खिडकीजवळची संपादकाची, व्हरांड्यातली समीक्षकाची. एका खुर्चीत बसून दुसरीचं बोलायचं नाही! मी काउंटरवर मदतनीस होते आणि घरी लपूनछपून कथा लिहायचे. सरांचा हा हिशेब मला समजला, असं आजही छातीठोकपणे सांगवत नाही.

*

तेल्हाऱ्याच्या शब्बीरभाईंनी अंकासाठी कथा पाठवली होती. भर उन्हात एसटीने आले आणि काउंटरवर सरांना विचारलं, कथेचं काय झालं?

"ते संपादकाले मालूम," सर म्हणाले. "येतीन थे. बसा."

शब्बीरभाई बसले. सरांनी त्यांना चहा पाजला, कपाशीची चौकशी केली. मग उठून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "या शब्बीरभाई, कवा आले?"

शब्बीरभाई माझ्याकडे बघायला लागले. मी रॅकवरची धूळ झटकायला लागले.

*

तो अंक निघाला आणि सरांनी पेपरात त्याची समीक्षा लिहिली. संपादकाला कथेतलं काही कळत नाही, असं स्वच्छ लिहिलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तोच पेपर वाचताना सर लालबुंद झाले. कितीतरी दिवस व्हरांड्याकडे फिरकले नाहीत. आम्ही कोणाची बाजू घ्यायची, ते कोणी सांगेना.

*

नोंदीशिवाय पुस्तक दाराबाहेर जाणार नाही, हा नियम मात्र तिन्ही खुर्च्यांना मंजूर होता. एकदा काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, माहेरी मोर्शीला निघाल्या. गाडीत वाचायला म्हणून वाचनालयातली एक कादंबरी त्यांनी पिशवीत टाकली. सर अनवाणी रस्त्यापर्यंत धावले, ऑटो थांबवला आणि पुस्तक परत आणलं. "नोंद नोती," एवढंच म्हणाले. काकू त्या खेपेला मोर्शीला जरा जास्तच राहिल्या.

*

मग माझा कथासंग्रह निघाला. बाकी कोणाच्या मताची मला फिकीर नव्हती, सरांना तो कसा वाटतो एवढंच हवं होतं. ग्रंथपालाने त्यावर शिक्का मारला. संपादकाने अभिनंदन केलं. समीक्षक काही बोलेना! विचारायला जावं तर सर नेमके भलत्याच खुर्चीत असायचे.

*

निवृत्त होऊन सर अमरावतीला मुलीकडे निघाले, त्या दिवशी तिन्ही खुर्च्या रंगवायला अंगणात काढल्या होत्या. रंग ओला. सर पायरीवर बसून वाचनालयाच्या शिक्क्याचं माझंच पुस्तक वाचत होते. मी धीर करून विचारलं, "सर, कसं वाटलं?"

त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं बसून काय सांगू वैशाली? इथं मी कोनीच नाई."

मला रडूच आलं. तेवढ्यात ऑटो आला. सर उठले, चपला घातल्या, माझं पुस्तक काखेत मारलं आणि तसेच ऑटोत जाऊन बसले.

"सर, नोंद?" मी मागून म्हणाले.

सरांनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाल भाऊ, लवकर."