साडूवर काढलेलं उट्टं

माझ्या साडूने मला एकदा हातात काही नसताना हरवलं आणि ते मी चार वर्षं विसरलो नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही, उगाच खोटं कशाला बोलू. त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणजे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तो माझ्या पंगतीला असायचाच.

आम्ही दोघंही देवळाली प्रवराच्या बाजूला ऊस लावतो आणि आपापल्या ट्रॅक्टरने कारखान्यावर नेतो. हंगामात आवारात ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागते, कधी एक दिवस जातो, कधी दोन. गेटवर चिठ्ठी मिळते, तिच्यावर फक्त रांगेचा नंबर. गाडी कुणाची ते लिहिलेलं नसतं. ज्याच्या हातात आधीच्या नंबराची चिठ्ठी, त्याची गाडी आधी वजनकाट्यावर. आणि नंबर पुकारला तेव्हा माणूस गाडीवर नसला तर चिठ्ठी बाद.

त्यामुळे लिंबाखाली तीन पत्ती चालते ती या नंबरांवर. पैसे दिसले की वॉचमन पत्ते उचलून नेतो, नंबराला तो काही म्हणत नाही. नियम साधे. खेळायचं दोघांनीच. घाबरलात तर 'पॅक' म्हणायचं. तुमचा नंबर चांगला असेल तर तो समोरच्याला जातो आणि त्याचा तुम्हाला, वाईट असेल तर तुम्ही सुटलात. पण कुणी 'शो' म्हणून पत्ते उघडायला लावले तर जो हरेल तो आपली चिठ्ठी जिंकणाऱ्याला देऊन सरळ रांगेच्या शेवटी. हरलेल्याने सगळ्यांना चहा द्यायचा आणि तोंड वाकडं करायचं नाही. आणखी एक, ज्याला तुम्ही हरवलंत तो कधीही उट्टं मागू शकतो. त्याला नाही म्हणता येत नाही.

त्या वर्षी माझा अकरावा नंबर होता, त्याचा अडतिसावा. माझ्या हातात राजांची जोडी आली. तो मिशीवरून हात फिरवत चाल करत राहिला. मला आतून स्पष्ट कळत होतं की याच्याकडे काही नाही. पण डोकं म्हणालं, शेवटी गेलास तर दोन दिवस इथेच बसशील. मी पॅक म्हणालो. त्याने पत्ते उलटे केले. नव्वी, पंजी, दुर्री. लिंबाखालची माणसं पोट धरून हसली. मी पत्ते भिरकावले, पत्ते लावलेत म्हणून त्याच्यावर आरोप केला आणि चहाची किटली लाथेने उडवली. हरलो ते हरलो, वर शोभाही करून घेतली.

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी नर्सिंगला पुण्याच्या होस्टेलवर जाणार होती. मी सोडायला येतो असं तिला कबूल केलं होतं. ती आईबरोबर एसटीने गेली, मी उसाच्या ट्रॉलीवर बसून राहिलो. हे त्याला माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी धरून चाललो की माहीत होतं. त्यानंतर हा किस्सा सांगायला त्याने एकही पंगत सोडली नाही. माझा चेहरा कसा पडला, किटली कशी उडाली, सगळं करून दाखवायचा. सासरी मला 'पॅक पाव्हणं' नाव पडलं. मी हसायचो आणि पत्रावळीकडे बघत बसायचो.

चार हंगाम मी उट्टं मागितलं नाही. लोकांना वाटलं मी सोडून दिलं. मी दिवस शोधत होतो.

यंदा त्याच्या मुलीचं जमलं. मुलाकडचे काष्टीचे, साखरपुडा त्यांच्याच घरी. पत्रिका आमच्याकडे आली तेव्हा मी आधी तारीख वाचली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघंही रांगेत होतो. त्याचा नववा नंबर, म्हणजे दिवस मावळायच्या आत मोकळा. माझा तेहतिसावा, म्हणजे दुसरा दिवस गेलाच. त्याचा ड्रायव्हर तापाने घरी पडला होता. मी लिंबाखाली जाऊन त्याच्यासमोर बसलो आणि उट्टं मागितलं.

"आज नगं, साडू," तो म्हणाला. "सकाळी काष्टीला निघायचंय. तुमाला ठाव हाय."

"ठाव हाय," मी म्हणालो. "दिवस मागनारा ठरवतो."

त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं. एकाने पत्ते पिसले. पत्ते वाटले. माझ्या हातात गुलाम, सत्ती, तिर्री. भिकार पानं. पॅक म्हणालो असतो तर माझं काहीच गेलं नसतं, आणि त्याला तेच हवं होतं. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "चाल." मी म्हणालो चाल. तो पुन्हा चाल. पत्त्यांकडे त्याने एकदाच बघितलं होतं, पण काट्याकडे तीनदा. चार वर्षांपूर्वी आतून जे वाटलं होतं तेच पुन्हा वाटलं, आणि या वेळी मी डोक्याला बोलूच दिलं नाही.

"शो."

त्याची दश्शी सगळ्यात मोठी निघाली. माझा गुलाम तिच्यावर चढला.

किती गोड वाटलं म्हणून सांगू. त्याचा चेहरा कसा पडतो, तो कुणावर आरोप करतो, हे बघायला मी चार वर्षं थांबलो होतो. त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. "बरुबर पकडलंत," म्हणाला. उठला, किटली घेऊन आला आणि पहिला कप मला दिला. मग ट्रॅक्टर चालू करून रांगेच्या शेवटी नेऊन लावला. मी 'राहू द्या' म्हणू शकलो असतो. 'मी थांबतो तुमच्या गाडीवर, तुम्ही जा' असंही म्हणू शकलो असतो. मी चहा प्यायलो.

सकाळी बायकोला घेऊन काष्टीला गेलो. वाटेत मी किस्सा मनातल्या मनात घोळवत होतो. पंगत तीच, माणसं तीच. त्याची मिशी, त्याची दश्शी, सगळं करून दाखवणार होतो.

मांडवात पोहोचलो तर मेहुणी धावत समोर आली. "आलात बाई वेळंवर," म्हणाली आणि मला पुढे ढकललं. व्याहीभेटीला मुलीकडचा वडीलधारा माणूस हवा होता. मुलाच्या बापाने मला मिठी मारली, टोपी घातली, नारळ दिला. नवरीमुलगी माझ्या पाया पडली. तिचे डोळे रडून सुजले होते. ते सगळं साडूचं होतं आणि मी ते उभ्याने घेत होतो.

जेवायला बसलो. शेजारी सासऱ्यांचे थोरले भाऊ होते. मी सुरुवात करणार तेवढ्यात तेच बोलले.

"सकाळी थोरल्या जावयाचा फोन आलता. म्हनले, गाडी बंद पडली, मला काय येता येनार न्हाई. म्हनून माझा नंबर साडूला दिला, घरचं एक मानूस तरी पोरीच्या मागं उभं ऱ्हाईल." म्हातारा घास थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "लई मोठ्या मनाचा गडी. व्हय का न्हाई?"

आख्खी पंगत माझ्याकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणालो.

त्याने मला हरवलं तेव्हाही मला त्याचा इतका राग आला नव्हता.