मायक्रॉनसाहेबांचं शोभादर्शक

कारखान्यात त्यांना मायक्रॉनसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठ फिरली की नुसतं मायक्रॉन. बेअरिंगच्या त्या कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांची उभी हयात गेली. केसाहून बारीक फरक हुडकायचा आणि माल परत पाठवायचा, एवढंच काम. पण ते त्यांना इतकं मानवलं होतं की माल निर्दोष निघाला तर बिचाऱ्यांचा दिवस वाया जायचा. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, पुष्कळांनी डोळे पुसले. ते अश्रू दुःखाचे की आनंदाचे, याची मात्र तपासणी झाली नाही. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेबांनी ते घरी आणून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि दुरुस्तीला टाकलं.

मग त्यांनी घर तपासायला घेतलं. भाजीच्या फोडी सारख्या नाहीत. चादरीची घडी घातली तर कडा जुळत नाहीत. दुधाच्या पातेल्यावर दुसऱ्याच पातेल्याचं झाकण. त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणायची, हे एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देत होती. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला देवाने दोन कान त्याच कामासाठी दिलेले असतात. कारखान्यातून साहेब सुटले, साहेबांमधून कारखाना सुटला नाही, असं मनाशी म्हणून तिने भाजी होती तशीच चिरली.

गुरुवार उजाडला तेव्हा मात्र तिला धास्ती वाटली.

गुरुवारची दुपार वहिनीची होती. मुलांच्या शाळा, सासूचं आजारपण, साहेबांच्या पाळ्या, या सगळ्या रगाड्यातून तिने स्वतःसाठी राखलेली ही एवढीच एक गोष्ट. बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. तिथे तिघी जमायच्या: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंगबाई, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, आणि साहेबांची धाकटी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद. चौघी मिळून बारीकसारीक वस्तू शिवायच्या. गरम भांड्याखाली ठेवायच्या गाद्या, चष्म्याची घरं, सुया टोचायच्या उशा, भाजीच्या पिशव्या. नक्षी सगळ्यांवर एकच. मोठ्या फुलांचं छापील कापड घ्यायचं, त्यातून एकाच फुलाचा नेमका तोच भाग येईल असे आठ त्रिकोण कापायचे, आणि आठांची टोकं मधोमध आणून जोडायची. मग ते बाजारातलं साधं फूल असं काही गरगरतं की लहानपणी डोळ्याला लावलेल्या नळीतल्या काचांची आठवण व्हावी. ड्रॉइंगबाई त्याला शोभादर्शक म्हणायच्या. इस्त्रीवाली म्हणायची चक्री. नावावरून वाद नव्हता, कारण खरं काम शिवणाचं नव्हतंच. सुनांपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांचा समाचार तिथे घेतला जायचा आणि चौघी पोट दुखेस्तोवर हसायच्या.

त्या गुरुवारी साहेबांनी खुर्ची ओढली आणि चौघींच्या मधोमध बसले. खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर निघाला.

“ड्रॉइंगबाई, तुमचं हे टोक आणि ते टोक यांत फरक आहे.”

“असू दे की. हाताने शिवलंय.”

“हाताने शिवलंय हे कारण झालं. मी माप विचारतोय.”

मग मोर्चा इस्त्रीवालीकडे वळला. तिची चक्री जरा कलायची, पण रंग असे निवडायची की बघत राहावं. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. “हे फूल आहे की अपघात?”

“साहेब, यावर भांडं ठेवायचंय,” इस्त्रीवाली म्हणाली, “विमान नाही उतरवायचं.”

सगळ्या हसल्या. साहेब हसले नाहीत. पुढच्या खेपेला ते बुटांचं एक रिकामं खोकं घेऊन आले. त्यावर ठळक अक्षरांत ‘नापास’ असं लिहिलेलं होतं, आणि चहा होईपर्यंत त्यात तीन गाद्या आणि चष्म्याचं एक घर जाऊन पडलं होतं.

पुढे ड्रॉइंगबाईंचे गुडघे धरले. एक मजला उतरायला गुडघे धरतात आणि बाजारात जायला धरत नाहीत, असे ते समजूतदार गुडघे होते. इस्त्रीवालीकडे अचानक कपड्यांचे ढीग पडू लागले. नणंदेने मात्र आडपडदा ठेवला नाही. “वहिनी, लहानपणी मी बाहुलीचं घर बांधलं होतं. भिंत वाकडी म्हणून दादाने ते पाडलं. तू निदान बघून पत्करलास, माझ्या तर तो जन्मानेच गळ्यात पडला. मी नाही येत.”

एका गुरुवारी वहिनीने खुर्च्या मांडल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि कुणीच आलं नाही. ती एकटी मशीनपाशी बसून राहिली. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. आतून साहेबांचा आवाज आला, “आज तुमच्या मंडळाला सुट्टी वाटतं?”

वहिनी उठली. आवाजात जेवढं लोणी मावेल तेवढं घालून म्हणाली, “अहो, एक सांगू? तुम्हाला आमच्या चुका इतक्या दिसतात, तर एकदा बरोबर कसं असतं ते तुम्हीच करून दाखवा ना. आम्हा अडाणी बायकांपुढे काहीतरी आदर्श राहील.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुणी खाली उतरायला सांगितलं की तो सहसा उतरत नाही. साहेब उतरले. त्यांना हा सन्मान वाटला.

नणंदेकडे एक जुनं हातमशीन धूळ खात पडलं होतं. बातमी कळताच तिने ते त्याच संध्याकाळी पाठवून दिलं, वर तेलाची कुपी आपल्याकडून. मागच्या खोलीत साहेबांचा कारखाना सुरू झाला. हवं तसं मोठं फूल त्यांना बेडरूमच्या पडद्यावर सापडलं. एकसारखे आठ त्रिकोण कापल्यावर पडद्याला आठ खिडक्या पडल्या आणि समोरच्या इमारतीची चांगलीच सोय झाली. कोन मात्र अचूक, पंचेचाळीस अंशांचे. त्रिकोण एकावर एक ठेवले तर जणू एकच. साहेबांनी ते जोडले, शेवटची शिवण घातली आणि तुकडा टेबलावर ठेवला.

तुकडा टेबलावर टेकेना. मधून फुगून वर आला, पालथ्या वाटीसारखा. साहेबांनी तो तळव्याने दाबला. हात काढताच पुन्हा वर.

त्यात नवल काही नव्हतं. कापडाला लोखंडाची शिस्त नसते. मशीनखाली ते जरासं तिरकं सरकतं आणि एखाद्या शिवणीत दोऱ्याएवढं जास्त आत जातं. एका शिवणीत ते कुणाच्या बापाला दिसत नाही. आठ शिवणींचं मिळून मात्र टेंगूळ येतं. ते सगळ्यांनाच येतं. त्यावर उपाय आहे आणि तो चौघींना पाठ होता. आधी चार तुकड्यांचं एक अर्धं करायचं, मग उरलेल्या चारांचं दुसरं. ही दोन अर्धी जोडण्याआधी प्रत्येकाच्या कडेवर पट्टी ठेवायची आणि वाकडी झालेली कड सरळ कापून टाकायची. तोवर झालेल्या सगळ्या चुका कात्रीखाली जातात. मग शेवटची शिवण घालायची.

वहिनीने हे साहेबांना सांगितलं नाही.

तिने ते ड्रॉइंगबाईंना सांगितलं, इस्त्रीवालीला सांगितलं, नणंदेला सांगितलं, म्हणजे साहेबांना काही सांगायचं नाही हे सांगितलं. पुढच्या गुरुवारी ड्रॉइंगबाईंचे गुडघे बरे झाले. इस्त्रीवालीच्या ढिगांचाही निचरा झाला. बाहेरच्या खोलीत हसण्याला पुन्हा ऊत आला आणि मागच्या खोलीतून हातमशीनची खडखड ऐकू येत राहिली. मधूनच खडखड थांबायची, एक लांब उसासा यायचा, आणि चौघी पदर तोंडाशी धरायच्या. एकदा नणंद मुद्दाम आत डोकावली आणि एक कापडी वाटी उचलून म्हणाली, “दादा, किटलीची टोपी झकास झालीय हं!”

पहिल्यांदा साहेबांनी मशीनला दोष दिला. मग दोऱ्याला, मग सुईला, मग कापड विणणाऱ्या गिरणीला. नाचता येईना तेव्हा अंगण कुठे कुठे वाकडं असू शकतं, याची त्यांनी कसून पाहणी केली. मग हळूहळू दोष देणं बंद झालं. नापासच्या खोक्यात आता फक्त त्यांचेच तुकडे होते, आणि खोकं भरून वाहत होतं.

वहिनीच्या एक गोष्ट लक्षात आली. साहेब भाजीबद्दल काही बोलत नव्हते. तिने एक दिवस मुद्दाम फोडी लहानमोठ्या चिरल्या, अगदी दगडधोंडे म्हणावेत अशा. साहेब मुकाट्याने जेवले. दुसऱ्या दिवशी तिने चादरीची घडीच घातली नाही, नुसता बोळा करून ठेवला. साहेबांनी त्या बोळ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला भीती वाटली.

संध्याकाळी चहा घेताना ते कपाकडे बघत म्हणाले, “मी फार लोकांचा माल परत पाठवला गं.”

वहिनीला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचा भयंकर संताप आला. आत्ता कुठे गुरुवार पुन्हा सुखाचा चालला होता. आता या माणसाला वर काढायचं म्हणजे त्याला पुन्हा खुर्ची आणि कॅलिपर देऊन मधोमध बसवायचं. मूग गिळून बसली असती तर चाललं असतं. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला बघवेना.

ती मागच्या खोलीत गेली. जोडायची राहिलेली दोन अर्धी टेबलावर पडली होती. “इकडे या,” ती म्हणाली. तिने पट्टी ठेवली, कड सरळ कापली, आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. “आता शेवटची शिवण घाला.”

साहेबांनी घातली. तुकडा टेबलावर ठेवला. तो गप पडून राहिला, सपाट, आठ पाकळ्या नीट मधोमध मिळालेल्या. साहेब बराच वेळ त्यावरून तळवा फिरवत राहिले.

“म्हणजे चूक तुमचीही होते?”

“होते की. दर वेळी होते. सगळ्यांची होते.”

“आणि हे कापायचं तुला कधीपासून माहीत होतं?”

थाप मारता आली असती. वहिनी म्हणाली, “पहिल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर येऊन बसला असतात. मला माझा गुरुवार हवा होता.”

साहेबांनी कात्री खाली ठेवली. “बरं,” ते म्हणाले.

भांडले असते तर वहिनीकडे उत्तरं तयार होती, कित्येक वर्षांची साठवलेली. ती तशीच परत साठवून तिने टेबलावरच्या चिंध्या गोळा केल्या.

गुरुवारी बायका यायच्या आधीच साहेबांनी बूट चढवले. “कुठे निघालात?” वहिनीने विचारलं. “जरा बाहेर. तुमचं झालं की येतो.” आणि गेले. मागची खोलीही रिकामी, बाहेरची खोलीही मोकळी. इस्त्रीवालीने आल्या आल्या साहेबांच्या खुर्चीवर पाय ठेवले, आणि काय ते हसणं, काय तो गोंगाट!

दोरा ओवायला उजेड हवा म्हणून वहिनी खिडकीशी गेली. समोर रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक होता. त्यावर साहेब बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक बस आली. दार उघडलं, वाट बघून लागलं, बस गेली. साहेब तिथेच. दुसरी आली, तीही गेली.

वहिनीला हवं ते सगळं मिळालं होतं. खोली, मशीन, मैत्रिणी. नजर खिडकीबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच तिला जमत नव्हतं.

“वहिनी, सुई बोटात घालून घ्याल,” इस्त्रीवाली म्हणाली. मग तीही उठून खिडकीशी आली. ड्रॉइंगबाईही आल्या. शेवटी नणंद आली.

“बसू दे त्याला,” नणंद म्हणाली. “आपण काही कमी सोसलेलं नाही.” तिने पुन्हा खाली पाहिलं. “शाळेतही असाच बसायचा. कुणी खेळायला घ्यायचं नाही. घेतलं की नियम सांगत सुटायचा.” आणि ती नाक ओढत परत जाऊन बसली.

वहिनीने खिडकीतून ओरडून हाक मारली. “अहो! वर या!”

साहेबांनी वर पाहिलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

“नाही तर काय, बसला बोलावतेय? या!”

त्यांना रस्ता ओलांडताना तिने पाहिलं. मग जिन्यात पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. किल्ली त्यांच्या खिशातच होती. घरातून निघताना ती विसरेल असा तो माणूस नव्हता. तरीही दारावरची बेल वाजली.

वहिनीने दार उघडलं. साहेब उंबरठ्याबाहेर उभे होते, हात रिकामे.

“येऊ का?” त्यांनी विचारलं.

त्या घरात ते आयुष्यभर येत-जात होते, पण विचारून कधी आले नव्हते. “या,” वहिनी म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने त्यांना वाट दिली.